लेकराचं नाव शाळेत घालताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मे महिना लागला की या पानाला येणाऱ्या पत्रांचा विषयच बदलतो, पीक विमा आणि अनुदान मागं पडतं आणि सगळे शाळेचं विचारायला लागतात. यंदाही बीड, लातूर, परभणी, हिंगोली, नांदेड सगळीकडून पत्रं आलीत. बहुतेकांचं विचारणं एकच, जिल्हा परिषदेच्या शाळेत नाव घालायला काय काय लागतं आणि तिथं नाही म्हणाले तर पुढं काय करायचं. तर थेट पत्रांकडेच येते.

आम्ही धारूर तालुक्यातले. दसरा झाला की टोळीबरोबर ऊस तोडायला कारखान्याला जातो, पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर परत येतो. पोरगी तिसरीला हाय, पोरगं यंदा पहिलीला घालायचं. शाळेतले म्हणतेत इतके महिने गैरहजर राहिलं तर नाव कमी करावं लागतं. मग नाव घालावं का नाही?

ताई, नाव घालाच, आणि या जूनमध्येच घाला. नाव कमी करू अशी भीती तुम्हाला कुणी घातली असेल तर ते चूक आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यात सहा ते चौदा वयाचं लेकरू आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही असं साफ लिहिलंय. आणि फक्त एवढंच नाही, कामासाठी गाव सोडून फिरणाऱ्या घरांतल्या लेकरांना शाळेत दाखल करून घेणं ही जिल्हा परिषद-नगरपालिकेची जबाबदारी आहे असं त्याच कायद्यात वेगळं सांगितलंय. म्हणजे कोयता घेऊन तुम्ही कुठंही गेलात तरी लेकराचा हक्क तुमच्यासोबत येतो.

आता प्रत्यक्षात काय करायचं ते सांगते, कारण कायदा सांगून पोट भरत नाही हे मलाही कळतं. तुमच्यापुढं दोन वाटा आहेत. एक म्हणजे हंगामी वसतिगृह. तुम्ही गेल्यावर लेकरू गावातच आजीआजोबांकडं नाहीतर चुलत्याकडं राहतं, दुपारचं जेवण शाळेच्या पोषण आहारात होतं आणि सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समिती वसतिगृहातून करते. पण हे वसतिगृह आपोआप सुरू होत नाही हो, किती लेकरांचे आईबाप जाणार याची यादी शाळा आधी करते, प्रस्ताव वर जातो, मग मंजुरी. मुकादमाची उचल, म्हणजे तोडणीची आगाऊ रक्कम घेतली त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना जाऊन सांगा की आम्ही अमुक महिन्यात निघणार, आमची दोन नावं यादीत घाला. टेम्पो भरायच्या दिवशी सांगितलं तर उशीर झालेला असतो, आणि मंजुरीला उशीर झाला की त्या मधल्या दिवसांतच लेकरं आईबापामागं निघून जातात, हे बीड जिल्ह्यात दरवर्षी बघायला मिळतं आणि फार वाईट वाटतं.

दुसरी वाट म्हणजे लेकरं सोबत न्यायची वेळ आलीच तर निघायच्या आधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. त्या कार्डावर लेकरू कुठल्या शाळेत कितवीला आहे ते लिहिलेलं असतं, ते दाखवलं की तुम्ही सांगली-कोल्हापूरकडं असा नाहीतर कर्नाटकाच्या सीमेवर, महाराष्ट्रातली जवळची शाळा त्याला वर्गात बसवून घेते, टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला काढायची गरजच पडत नाही. परत आलात की आपल्या शाळेत आपल्याच वर्गात. तिथल्या शाळेतून किती दिवस बसलं याचा कागद तेवढा घेऊन या.

माझं स्वतःचं मत विचाराल तर ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांनी लेकरं मागं ठेवावीत. उसाच्या फडावर कोपीत, म्हणजे पाचटाच्या खोपटात राहून शाळा होत नाही, पोरगी धाकट्याला सांभाळत बसते आणि मग सातवी-आठवीला तिचं लग्नच निघतं. तुमची तिसरीतली पोरगी त्या वाटेला जाऊ नये असं मनापासून वाटतं म्हणून एवढं लांबलं.

लातूरहून एक वडील लिहितात : मुलगा इंग्लिश मीडियमला चौथीपर्यंत होता, दोन वर्षांची फी थकली, आता झेडपीच्या शाळेत घालतोय तर जुनी शाळा टीसी देत नाही आणि नवी शाळा टीसीशिवाय घेत नाही. दोन्हीकडून अडकलोय.

दादा, तुमचा प्रश्न या महिन्यात सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय, खाजगी शाळेतून झेडपीकडं येणारी लेकरं आता कमी नाहीत. कायद्याचं कलम ५ बघा. कुठल्याही कारणानं शाळा बदलायची असेल तर आधीच्या शाळेच्या मुख्याध्यापकानं दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि पुढचं वाक्य जास्त महत्त्वाचं आहे, दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता येत नाही की नाकारता येत नाही. दाखला अडवणाऱ्या मुख्याध्यापकावर कारवाई होऊ शकते असंही तिथंच आहे. थकलेली फी हा तुमचा आणि त्या संस्थेचा वेगळा व्यवहार, तो त्यांनी त्यांच्या मार्गानं वसूल करावा, त्यात लेकराला ओलीस धरायचं नाही. आठवीपर्यंतचं हे झालं, पण कोरोनात फीचे वाद वाढले तेव्हा २०२१ साली शासनानं नववी-दहावीलाही टीसीवाचून प्रवेश द्यायला सांगितलं होतं.

तुम्ही काय करा, नव्या शाळेत साध्या कागदावर अर्ज लिहा की मुलगा अमुक शाळेत चौथीपर्यंत शिकला, टीसी मागूनही मिळत नाही, जन्मदाखल्यावरून वयाप्रमाणे पाचवीत बसवून घ्या. दोन प्रती करा आणि एकीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी बोलण्याला ऑफिसात काही किंमत नसते, पोच असली की माणूस जरा विचार करून बोलतो. त्यातूनही नाही म्हणाले तर नाही का म्हणता ते लिहून मागा, मग केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. शक्यतो त्याच्या वर जायची वेळ येत नाही.

आता झेडपीचे गुरुजी टीसी टीसी का करतात तेही समजून घ्या, ते काही तुमचे वैरी नाहीत. प्रत्येक मुलाचं नाव यु-डायस प्लसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर असतं, त्याला पेन नंबर, म्हणजे त्या लेकराचा कायमचा ओळख क्रमांक असतो, आणि जुन्या शाळेनं ऑनलाइन सोडलं नाही तर नव्या शाळेच्या पटावर ते ऑनलाइन चढत नाही. वर्गात लेकरू बसलेलं असतं पण पोर्टलवर ते अजून जुन्याच शाळेत दिसतं. म्हणून जुन्या मार्कलिस्टवरचा पेन नंबर आणि जन्मतारीख नव्या मुख्याध्यापकांना द्या, ते रिक्वेस्ट टाकतील, अडलं तर गटसाधन केंद्रातून पाठपुरावा होतो. हे काम शाळेचं आहे. ते होईपर्यंत लेकराला वर्गाबाहेर ठेवायचं नाही एवढं मात्र ठाम धरून बसा.

मुलीला नोव्हेंबरमध्ये सहा वर्षं पूर्ण होतात. जूनमध्ये पहिलीला घेतील का? (सेलू)

घेतील. आपल्याकडं पहिलीसाठी ज्या वर्षी प्रवेश त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. जानेवारीचं लेकरू असेल तर मात्र एक वर्ष अंगणवाडीतच राहू द्या, पहिलीत ढकलायची घाई करू नका, लहान लेकरू वर्गात मागं पडतं आणि मग त्यालाच बोलणी बसतात.

जिंतूर तालुक्यातल्या एका आजीचं पत्र, नातवानं लिहून दिलेलं : नातू तांड्यावर घरीच जन्मला, जन्माची नोंद नाही, आधार पण नाही. शाळेत म्हणाले आधी कागद आणा.

आजी, कागद नंतर, आधी नातू शाळेत. वयाचा पुरावा नाही म्हणून कुठल्याही लेकराला प्रवेश नाकारायचा नाही, हे कायद्याचं कलम १४. जन्मदाखला नसेल तर नर्सबाईच्या रजिस्टरची नोंद चालते, अंगणवाडीची नोंद चालते, आणि तेही नसेल तर आईबापानं वय लिहून दिलेलं प्रतिज्ञापत्र चालतं. तुमच्या तांड्यावर अंगणवाडी असेल तर लसीकरणाच्या, वजनाच्या वहीत त्याचं नाव सापडेलच, सेविकाताईंना भेटा. आधारचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टानं २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळा प्रवेशाला आधार सक्तीचं नाही असं सांगितलंय.

तरी पण आधार काढून घ्या असं मी म्हणेन, कारण शाळेला शिक्षक किती मिळणार ते ठरवताना, म्हणजे संचमान्यतेत, आधार जुळलेली लेकरंच धरतात, नातवाचं आधार नसेल तर तो वर्गात असून मोजला जात नाही. मुख्याध्यापक आधार आधार करतात त्याचं मूळ इथं आहे. पण ते दाखल झाल्यावर सावकाश होणारं काम आहे, दारातून परत पाठवायचं कारण नाही.

आणि जन्माची नोंद आता तरी करून टाका. वर्ष उलटून गेलं की नुसत्या ग्रामसेवकाच्या हातात राहत नाही, दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, तहसीलला एकदोन हेलपाटे होतील. घरात त्याच्यापेक्षा लहान कुणी असेल, १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेलं, तर त्याचं आजच बघा, कारण नव्या कायद्यानं त्या तारखेनंतरच्या लेकरांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरणार आहेत. ती लेकरं पहिलीला यायला वेळ आहे, तोवर नोंदी होऊ शकतात.

प्रवेशाच्या वेळी मुलीचं आडनाव चुकलं, आता सातवीत लक्षात आलं. (उदगीर)

आत्ताच दुरुस्त करा. शाळेच्या दाखल-खारीज (प्रवेश निर्गम) रजिस्टरात मुख्याध्यापक स्वतःहून खाडाखोड करू शकत नाहीत, पुरावे जोडून अर्ज करायचा, शाळा प्रस्ताव पाठवते आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीनं बदल होतो. मुलगी शाळेत शिकतेय तोवर हे होतं, शाळा सोडल्यावर लेखनिकाच्या चुकीपलीकडं फारसं काही बदलून मिळत नाही. आणि ही नोंद किती लांब जाते ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको, २०२३ ला जुन्या कुणबी नोंदी शोधायला समिती नेमली तेव्हा घरोघर आजोबा-पणजोबांचे शाळेतले प्रवेश निर्गम उतारे काढायला लोक पळत होते. फॉर्मवर सही करायच्या आधी लेकराचं नाव, आईचं नाव, जात, जन्मतारीख एकदा मोठ्यानं वाचून घ्या, वाचता येत नसेल तर गुरुजींकडून वाचून घ्या.

किनवट तालुक्यातून शाळा व्यवस्थापन समितीचे एक सदस्य : आमच्या शाळेत मोजकीच लेकरं राहिलीत, बाकीची शहरात जातात. काही जण म्हणतात की शहरातल्या लेकरांची नावं इथं पण ठेवू, शाळा वाचेल. ठेवावीत का?

नका ठेवू. तुमची तळमळ खरी आहे, शाळा गेली की गावच्या पोरींचं शिक्षण चौथी-पाचवीतच थांबतं हे मीही जाणते, आणि २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी लेकरांच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं निघालं तेव्हापासून लहान गावं धास्तावलेली आहेत. पण खोट्या पटानं शाळा वाचत नाही. तुमचाच नांदेड जिल्हा २०११ साली पटपडताळणीत, म्हणजे पटावरची लेकरं खरंच शाळेत आहेत का ते मोजण्यात पुढं होता, त्यानंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला सगळ्या राज्यात एकदम मोजणी झाली आणि पटावर असलेली पण शाळेत नसलेली लाखो नावं निघाली, त्याचा डाग आजपर्यंत प्रामाणिक शाळांनाही सोसावा लागतो. आता तर एका लेकराला एकच पेन नंबर, दोन ठिकाणचं नाव पोर्टललाच दिसतं. शिवाय खोट्या नावावर पोषण आहाराचा तांदूळ उचलला गेला तर अडकतात मुख्याध्यापक आणि समितीवर सही करणारे तुम्ही.

खरी लेकरं आणा. संचमान्यतेला ३० सप्टेंबरचा पट धरतात, तोवर तुमच्या हातात पाऊस लागल्यापासूनचे साडेतीन महिने आहेत. अंगणवाडीतून यंदा किती लेकरं बाहेर पडतायत ती यादी सेविकेकडून घ्या आणि ‘पहिले पाऊल’ या पहिलीत येणाऱ्या लेकरांच्या मेळाव्याला त्यांच्या आयांना घरी जाऊन बोलवा. वीटभट्टीवर, शेतातल्या वस्तीवर, रस्त्याच्या कामावर बाहेरून आलेली घरं असतील तर तिथली लेकरं बहुतेक कुठल्याच पटावर नसतात, त्यांना वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं आणि मागं पडलेलं भरून काढायला वेगळं शिकवायचं अशी कायद्यातच सोय आहे. शहरात जाणाऱ्या आईबापांना पण एकदा विचारा की का जाता. कुठं शिक्षक कमी असतात, कुठं संडासला पाणी नसतं, कुठं पोरीला वाचता येत नाही म्हणून जातात. कायद्यानं साठ लेकरांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक आहेत, तुमच्याकडं एकच असेल तर समितीच्या बैठकीत ठराव घ्या आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. समितीत पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात, त्या बायकांना खरंच बैठकीला बोलवा, नुसती घरी वही पाठवून सही घेऊ नका. कुठल्या घरातलं लेकरू शाळेत येत नाही आणि का येत नाही, ते त्यांना सगळ्यांच्या आधी माहीत असतं.