ल्युकेमियाच्या पेशंटला मेंदूत बुरशीची गाठ असेल तर बायोप्सी करावी की नुसत्या गोळ्यांवर भागेल?

वडिलांना ल्युकेमिया, एमआरआयमध्ये गाठ, बुरशीचा संशय, आणि नातेवाईक म्हणतात डोक्याला हात लावू नका. असं तुम्ही लिहिलंय. बायोप्सी करा. आमच्या घरात यावरूनच भांडण पेटलं होतं, म्हणून लिहितेय.

दादा केमोच्या मधल्या दिवसांत मुंबईहून देवगडला घरी आला होता. ऐन श्रावण, भिंतींना ओल, मांगरात गवताच्या पेंढ्या. आधी नुसतं डोकं दुखायचं. मग एका सकाळी पेजेची वाटी त्याच्या उजव्या हातातून सुटली. आई म्हणाली, "नीट धर रे," आणि तो आपल्या बोटांकडे बघतच राहिला. एमआरआयमध्ये कडेने चमकणारी गोल गाठ आली. अशी गाठ दिसली की आपल्याकडे आधी टीबीच धरतात. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, लघवी नारिंगी झाली, हात आणखी ढिला पडला.

काका अडून बसले. "या घरात दर पावसाळ्यात बुरा येतो, आम्ही कोणी मेलो काय? डोकं उघडायचं नाही." अहो काका, आपल्या रक्तात न्यूट्रोफिल (बुरशीशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आहेत. दादाचे फारच कमी, ५०० च्या खाली होते. अशा माणसाच्या श्वासातून आत गेलेली बुरशी फुफ्फुसात रुजते आणि रक्तातून मेंदूत पोचते. शेवटी वहिनीने सही केली. सुईने पू काढला, कल्चरमध्ये अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी निघाली.

बुरशी कुठली ते कळल्याशिवाय औषध ठरत नाही. अ‍ॅस्परजिलसला व्होरिकोनॅझोल, ते मेंदूत चांगलं पोचतं. २०२१ साली कोविडनंतर ज्या म्युकरने (काळ्या बुरशीने) धुमाकूळ घातला, त्याच्यावर ते चालतच नाही, तिथे अ‍ॅम्फोटेरिसिन लागतं. आणि टीबीच्या गोळ्यांतलं रिफॅम्पिसिन व्होरिकोनॅझोलची रक्तातली पातळी पार खाली आणतं. वडिलांना एकेटी (टीबीच्या गोळ्या) चालू असेल तर हे आजच विचारा.

प्लेटलेट्स कमी असतील तर रक्तस्रावाची भीती खरी आहे, तिथे न्यूरोसर्जन म्हणतील तेच करा. कधी छातीच्या सीटीत डाग सापडतो आणि फुफ्फुसातल्या नमुन्यावर निदान होतं. आणि निदान वेळेवर झालं तरी या आजारात बरेच जण जातात, हेही माहीत असू द्या. दादा वाचला.

काका मात्र अजून गावभर सांगतात की सुई घातली म्हणून पोराचा हात गेला. ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांनी उजव्या हाताची ताकद पाचपैकी दोन लिहिली होती. तो कागद वहिनीच्या फाइलीत आहे, काकांनी कधीही येऊन वाचावा. तुम्हीही ऑपरेशनआधीची तपासणी लिहून घ्या, तारखेसकट.