भाचा म्हणतो, सहा महिने थांब

वाचकांचे प्रश्न : कॉम्प्युटर

प्रश्न : मी शाळेत गणित शिकवते आणि घरी मुलांसाठी व्हिडिओ धडे तयार करते. माझा लॅपटॉप २०१७चा आहे. इंटेलचा सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. सुरू केला की कितीतरी वेळ नुसतं गोल फिरत राहतं. बॅटरी पाऊण तासात मान टाकते. वीस मिनिटांचा धडा एक्सपोर्टला (तयार व्हिडिओ फाइल बनवायला) लावला की दुसरं काही उघडायची सोय नाही. नवा घ्यायचं मनात आलं, तर भाचा म्हणतो, ‘मावशी, घाई करू नकोस, सहा महिन्यांत नवी चिप येतेय.’ गेल्या वर्षीही तो हेच म्हणाला होता. काय करू?
— एक शिक्षिका

उत्तर : भाच्याला इतकंच विचारा : कोणती चिप, ती कधी येणार आणि ती आल्यावर मावशीच्या धड्यांत नेमका काय फरक पडणार? तिन्हींची उत्तरं त्याने दिली, तर खुशाल थांबा. देणार नाही, अशी माझी खात्री आहे. सहा महिन्यांनी नवी चिप येतेच. ती कधीही विचारा, सहा महिन्यांवरच असते.

तरी थांबणं शहाणपणाचं असतं अशा वेळाही येतात, हे भाच्याच्या बाजूने सांगायला हवं. जून २०२०मध्ये ॲपलने जाहीर केलं, की मॅकमध्ये आता इंटेलऐवजी आमचीच चिप बसेल आणि पहिलं मशीन वर्ष संपायच्या आत येईल. नोव्हेंबरमध्ये एम-१ चिपचा मॅकबुक एअर आला. त्याला पंखाच नव्हता, तरी तो आधीच्या इंटेलवाल्या एअरपेक्षा बराच वेगवान होता आणि एका चार्जिंगवर जास्त वेळ चालत होता. मधल्या चार महिन्यांत ज्यांनी जुना एअर घेतला, त्यांची चुटपुट खरी होती. पण तिथे कंपनीने स्वतः मुदत दिली होती आणि बदल मुळापासूनचा होता. नंतर २०२२मध्ये एम-२ आली, २०२३मध्ये एम-३, मग एम-४, एम-५. प्रत्येक चिप आधीच्या चिपपेक्षा सरस, यात वाद नाही. मात्र एम-२ समोर असताना एम-३साठी ताटकळलेल्या गणिताच्या बाईंच्या पदरात फारसं काही पडलं नसतं.

(या ‘पुढचं येतंय’च्या पायी एक कंपनीच बुडाली, असं सांगतात. १९८१मध्ये ऑस्बोर्न-१ नावाचा, सुमारे ११ किलो वजनाचा आणि तरीही ‘सोबत नेता येणारा’ कॉम्प्युटर निघाला होता. पुढच्या मॉडेलची बातमी आधीच फुटली, गिऱ्हाईक थांबलं आणि १९८३मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. अभ्यासक त्याला इतरही कारणं देतात, पण गोष्ट लोकांच्या तोंडी राहिली ती हीच.)

आता तुमच्या मशीनचं घोडं कुठे पेंड खातंय ते पाहू, कारण खरा निर्णय तिथे आहे. सुरू व्हायला वेळ लागतो तो हार्ड डिस्कमुळे. फिरत्या तबकडीवर इकडेतिकडे विखुरलेल्या फायली शोधायच्या, तर प्रत्येक खेपेला साधारण दहा मिलिसेकंद जातात. विंडोज उघडताना अशा हजारो खेपा होतात. एसएसडीला, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कला, त्याच खेपेला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. तुमच्या लॅपटॉपमधली डिस्क अडीच इंची साटा (डिस्क जोडण्याची एक पद्धत) प्रकारची असणार, तिच्याच जागी तशीच एसएसडी बसते. बॅटरीही बदलून मिळते. दोन-तीन वर्षांपूर्वी हे पत्र आलं असतं, तर ‘एवढं करा आणि नव्याचं नाव काढू नका’ असं लिहून मी मोकळा झालो असतो.

आज तसं लिहीत नाही, त्याचं कारण विंडोज. विंडोज १०चा नियमित सपोर्ट, म्हणजे सुरक्षा अपडेट मिळणं, १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर मोजके अपवाद सोडले, तर आठव्या पिढीपासून सुरू होतात. तुमचा सातव्या पिढीचा, म्हणजे एका पायरीने हुकला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेटची जादा मुदत ठेवली, तीही १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच. आडवाटेने विंडोज ११ घालता येतं, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. ज्या लॅपटॉपवर मुलांचे गुण आणि परीक्षेचे पेपर ठेवलेत, त्यावर मी हा खेळ करणार नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम घातलीत तर हेच मशीन आणखी बरीच वर्षं चालेल. मात्र तुमचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, ते आधी पाहावं लागेल.

तेव्हा नवा घ्या, आणि आत्ताच घ्या. ‘थांबलं की स्वस्त होतं’ हा जुना हिशेबही सध्या जुळत नाही. २०२५च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप इतक्या ओढून घेतल्या, की रॅमचे भाव उतरायचं सोडून चढले. डिसेंबर २०२५मध्ये मेमरी चिप बनवणाऱ्या मायक्रॉनने तर ‘क्रुशल’ या नावाने सामान्य ग्राहकांना मेमरी विकण्याचा धंदाच आवरता घेत असल्याचं जाहीर केलं.

घेताना सगळ्यात नवं मॉडेल धरू नका. भाच्याची बातमी इथे कामाला येते : नवी चिप आली की आधीच्या पिढीचा माल काढून टाकायची घाई विक्रेत्यांना असते. मात्र नावावर भुलू नका. एएमडी कंपनीचा रायझन ५ ७५२०यू हा प्रोसेसर पाहा. पहिला ७ पाहून वाटतं, की नव्या मालिकेतला असेल. आतली रचना मात्र २०१९मध्ये आलेल्या झेन-२ या जुन्या पिढीची आहे, आणि हे सांगणारा आकडा आहे तिसरा, म्हणजे २. तुमच्या एक्सपोर्टला हा फरक जाणवेल.

रॅम १६ जीबीच्या खाली नको, आणि ती नंतर वाढवता येते का, हे विकत घेण्याआधी विचारा. अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर सोल्डर करून कायमची बसवलेली असते. ॲपलच्या एम चिपमध्ये आणि इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत तर ती प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये बसवलेली असते. तिथे ‘पुढे बघू’ म्हणायला जागाच नाही. एसएसडी ५१२ जीबीची घ्या, व्हिडिओ फार जागा खातात. मायक्रोसॉफ्टच्या ‘कोपायलट प्लस’ या एआयवाल्या लेबलसाठी जास्त मोजू नका. सेकंदाला निदान ४० लाख कोटी क्रिया करणारा एआयचा वेगळा भाग मशीनमध्ये असल्याशिवाय ते लेबल मिळत नाही. पण तुमचं सॉफ्टवेअर तो भाग वापरत नसेल, तर तो नुसता झोपून राहील.

प्रश्न : मला प्रॉडक्ट डिझाइनला प्रवेश मिळालाय. वर्ग सुरू व्हायला अजून दीड महिना आहे. आई-बाबा म्हणतात, आत्ताच लॅपटॉप घेऊन टाक. मला मॅकबुक हवाय. घेऊ ना?
— एक विद्यार्थी

उत्तर : तू मात्र थांब. चिपसाठी नाही, विभागाच्या सॉफ्टवेअर यादीसाठी. सॉलिडवर्क्स आणि थ्रीडीएस मॅक्स ही डिझाइनची सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात. ब्लेंडर आणि फ्यूजन दोन्हीकडे चालतात. ऑटोकॅड मॅकवर मिळतं, पण विंडोजवरच्या सगळ्या सोयी त्यात नाहीत. काही रेंडरिंग (डिझाइनचं खऱ्यासारखं चित्र तयार करणाऱ्या) सॉफ्टवेअरना एनव्हिडियाचंच ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि ते आजच्या कुठल्याच मॅकबुकमध्ये नसतं. यादी वर्ग सुरू झाल्यावरच मिळते असं नाही. आजच विभागाला ईमेल कर, आणि वरच्या वर्गातल्या दोघा-तिघांना ते रोज खरंच काय उघडतात ते विचार, कारण छापील यादीत न वापरली जाणारी नावंही असतात. त्यात सॉलिडवर्क्स निघालं तर मॅकबुकचा विषय संपला. नाही निघालं, तर तीच यादी आई-बाबांपुढे ठेव.