टॅबलेट आले, आता अ‍ॅप कुठलं?

तुमच्या शाळेला तीस टॅबलेट मिळालेत, गणित-विज्ञानासाठी कुठलं अ‍ॅप घ्यावं असं तुम्ही विचारलंय. जोडीला तक्रार आहे की मुलं बरोबर येईपर्यंत वाटेल ते पर्याय दाबत सुटतात. मी तक्रारीपासून सुरू करतो, कारण अ‍ॅपचं उत्तर तिथेच दडलंय.

ही युक्ती तुमच्या मुलांनी शोधलेली नाही. १९२० च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी चाचणी घेणारं यंत्र बनवलं होतं. त्यातली एक कळ फिरवली की बरोबर बटण दाबेपर्यंत पुढचा प्रश्न येत नसे. म्हणजे चारही बटणं दाबून पाहिली की काम फत्ते! मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरनी १९५० च्या दशकात स्वतःचं यंत्र केलं तेव्हा पर्याय काढूनच टाकले. विद्यार्थ्याने आधी उत्तर लिहायचं, मग यंत्राने बरोबर उत्तर दाखवायचं. स्किनरचं सगळं मला पटत नाही, पण हे पटतं. आज आपण वापरतो ती निम्मी अ‍ॅप्स मात्र प्रेसीच्याच यंत्रावर रंगीत चित्रं चिकटवून केलेली असतात.

त्यामुळे माझ्या वर्गात नियम साधा आहे: आधी वहीत उत्तर आणि एका ओळीत कारण, मग टॅबलेटला हात. संधी एकच. चुकलं तर दुसऱ्यांदा दाबायचं नाही, वहीतल्या कारणात काय चुकलं ते शोधायचं. पहिले आठ दिवस मुलं कुरकुरतात.

आता अ‍ॅपविषयी. प्रश्न चांगले असतील तर कुठलंही साधं प्रश्नमंजुषेचं अ‍ॅप चालतं, आणि प्रश्न वाईट असतील तर कुठलंच चालत नाही. चांगला प्रश्न म्हणजे ज्यातला प्रत्येक चुकीचा पर्याय एखादा ठरावीक गैरसमज उघडा पाडतो. उदाहरण देतो. ०.४, ०.३५, ०.१२५ यांतली सर्वांत मोठी संख्या कोणती? ज्यांना दशांश चिन्हानंतरचे अंक पूर्ण संख्येसारखे वाटतात ती मुलं ०.१२५ म्हणतात, कारण १२५ मोठे. मी हा प्रश्न दोन वर्षं विचारत होतो आणि ०.४ म्हणणाऱ्यांना 'येतं' या रकान्यात टाकत होतो. मग एकदा सहज ०.३, ०.४५, ०.६७८ दिले, तर त्याच हुशार रकान्यातल्या काहींनी ०.३ निवडला. त्यांचा नियम होता, 'जितके कमी अंक तितकी संख्या मोठी'. जास्त अंक म्हणजे हजारांश, म्हणजे बारीक तुकडे, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलेलं. पहिल्या प्रश्नात चुकीच्या नियमाने बरोबर उत्तर येत होतं, आणि अ‍ॅप मला हिरवी खूण दाखवत होतं.

टॅबलेटचा खरा उपयोग इथे आहे. पस्तीस वह्या तपासून हे कळायला मला दोन दिवस लागतात आणि तोवर धडा पुढे गेलेला असतो. पडद्यावर ते त्याच तासाला दिसतं. पण दिसल्यावर तुम्ही तास बदलला पाहिजे, नाहीतर तो नुसता रंगीत आलेख. हार्वर्डमध्ये एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात भौतिकशास्त्राच्या वर्गात रूढ केलेली पद्धत मी वापरतो. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, ते जाहीर करायचं नाही, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचं आणि पुन्हा उत्तर द्यायचं. साधारण ३० ते ७० टक्के मुलांची उत्तरं बरोबर असतील तेव्हाच ही चर्चा रंगते. त्याहून कमी असतील तर पुन्हा शिकवावं लागतं, जास्त असतील तर पुढे जावं.

विज्ञानासाठी फेट (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, पाहा. नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प मोफत आहे. विद्युत मंडलाचं सिम्युलेशन उघडण्याआधी मुलांकडून लिहून घ्या: एकसर जोडणीतल्या दिव्याच्या आधी आणि नंतर विद्युतधारा सारखी असेल की कमी? 'दिव्याने थोडी वापरली' असं बरीच मुलं लिहितात. मग विद्युतधारा मोजणारा अमीटर लावून दोन्हीकडे तोच आकडा पाहतात, तेव्हा वर्गात जी शांतता पसरते ती पाहण्यासारखी असते. भाकीत न लिहिता थेट सोडलंत तर पंधरा मिनिटांत सगळे बॅटऱ्या जोडून आग लावत बसतील. (सिम्युलेशनमध्ये आग लागते खरी, मुलं ती पहिल्या दिवशीच शोधतात.) भूमितीला जिओजेब्रा हे अ‍ॅप, तीच पद्धत.

वेळ लावून, गुणांची चढाओढ दाखवणारे खेळ मात्र बंद करा, निदान घड्याळ तरी. सावकाश विचार करणारी माझी दोन मुलं त्या फलकामुळे उत्तरं देणंच सोडून बसली होती, आणि ते माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

'टॅबलेट रोज वापरा' असा वरून आग्रह होत असेल तर पेरूचं उदाहरण सांगा. तिथे सरकारने आठ लाखांहून जास्त लॅपटॉप घेतले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ग्रामीण शाळांतल्या मुलांच्या गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. आठवड्यातून दोन तास, नेमक्या प्रश्नांसाठी, पुरे. त्यातले दोन-तीन प्रश्न मागच्या महिन्याच्या धड्यांवरचे ठेवा, आठवावं लागलं की टिकतं.

आणि मुलांची पूर्ण नावं, जन्मतारखा कुठल्याही अ‍ॅपमध्ये भरू नका, हजेरी क्रमांक पुरतो. तेच क्रमांक टॅबलेटच्या पाठीवर चिकटवा, म्हणजे दर वेळी तेच यंत्र त्याच हातात जाईल. नाहीतर चाळीस मिनिटांच्या तासातली दहा मिनिटं 'सर, माझा पासवर्ड चालत नाही' यातच जातात.