दोन किलो खिमा आणलास ना, मग आधी हे वाच
अगं घाबरू नकोस. आजच पाव-पाव किलोच्या पिशव्या भर आणि तळहाताने दाबून चपट्या कर, गोळा ठेवलास तर बाहेरून पाणी सुटतं आणि मधे दगड. लागेल तो आदल्या रात्री फ्रीजरमधून खाली फ्रीजमध्ये काढायचा, सुटलेला परत गोठवायचा नाही.

पुरवायचा असेल तर पाव किलोत अर्धी वाटी भिजवलेली चणाडाळ नाहीतर दोन बटाटे. थंडीत ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या भाजीबाजारातून मटार आण. सोया पण चालतं, आमची पोरं लगेच ओळखतात ते सोड.

नवीन रेसिपी पाव किलोवरच! मी पहिल्यांदा अख्ख्या किलोचे कबाब केले, कांद्याचं पाणी पिळलंच नाही, तव्यावर सगळी भुर्जी झाली, शेवटी खिमा-पाव म्हणून खपवली. आणि खिमा परतताना सुटलेलं पाणी मोठ्या आचेवर पूर्ण आटू दे, तिथेच सगळे घाई करतात.