उत्तर मागू नका, कागद मागा

ग्रामपंचायत, नगरपरिषद आणि महापालिकेकडे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून अडलेल्या वाचकांची पत्रे सतत येत असतात. एकसारखे प्रश्न एकत्र करून या वेळी उत्तरे देत आहोत. शुल्क आणि नमुने यांबद्दलचे तपशील महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे आहेत. मुदती आणि अपिलाच्या पायऱ्या मात्र केंद्रीय कायद्यातल्या असल्याने त्या गोव्यातही लागू होतात. तिथे पंचायतीचा सचिव हा जन माहिती अधिकारी आणि गटविकास अधिकारी हा पहिला अपील अधिकारी असतो.

प्रश्न : गावातला सिमेंटचा रस्ता पहिल्याच पावसात उखडला. ‘रस्ता निकृष्ट का झाला, जबाबदार कोण, कारवाई कधी करणार?’ असा अर्ज ग्रामपंचायतीत दिला. ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असे उत्तर आले. हे बरोबर आहे का? (एक वाचक, वाई)

उत्तर : राग येणे साहजिक आहे, पण हे उत्तर कायद्याला धरून आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार माहिती म्हणजे कार्यालयाच्या ताब्यात आधीपासून असलेला कागद, नोंद, नमुना किंवा संगणकातली विदा (डेटा). दप्तरात नसलेले स्पष्टीकरण तयार करून देण्याचे बंधन माहिती अधिकाऱ्यावर नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हेच सांगितले. ‘का’ने सुरू होणारा अर्ज म्हणजे नकार देण्याची आयती सोय. तुमच्या ‘का’चे उत्तर ज्या कागदांत दडले आहे, ते कागद मागा :

‘मौजे अमुक येथील अमुक घर ते तमुक चौक या सिमेंट काँक्रीट रस्त्याच्या सन २०२४-२५ मधील कामाच्या पुढील कागदांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात : प्रशासकीय मान्यता आदेश, तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश व करारनामा, मोजमाप पुस्तिकेतील या कामाची पाने, अदा केलेली देयके व प्रमाणके (व्हाउचर), काँक्रीटच्या घनांचे चाचणी अहवाल, काम पूर्णत्वाचा दाखला.’

कागद हाती आले की अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका शेजारी ठेवून वाचा. पुस्तिकेत लांबी, रुंदी आणि जाडी वेगवेगळ्या रकान्यांत लिहिलेली असते. फीत घेऊन चार-पाच ठिकाणी रुंदी मोजा. जाडी रस्त्याच्या उघड्या कडेला किंवा उखडलेल्या जागी मोजता येते. रुंदी सहसा बरोबर निघते, काटछाट जाडीत होते; कारण रस्ता झाल्यावर जाडी कोणाला दिसत नाही. मग चाचणी अहवालावरच्या तारखा बघा. काँक्रीटच्या घनाची ताकद ७ आणि २८ दिवसांनी तपासतात. ओतकाम आणि २८ दिवसांची चाचणी यांच्या तारखांत दहाच दिवसांचे अंतर असेल, तर तो अहवाल टेबलावर बसून लिहिलेला आहे. करारनाम्यात दोष दायित्व कालावधी शोधा. त्या काळात रस्ता खराब झाला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. म्हणजे ‘जबाबदार कोण’ याचे उत्तरही कागदातच आहे.

या कायद्यात साहित्याचा प्रमाणित नमुना मागण्याचाही हक्क आहे. फार थोडे लोक तो वापरतात. रस्ता, गटार, शाळेची भिंत अशा कामांत अर्जातच नमुना मागा. तो सर्वांसमोर काढून मोहोरबंद करायला लावा आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. तपासणीचा खर्च मात्र तुमचा.

आणखी एक अडचण नेहमी येते. ग्रामपंचायतीच्या कामाचे तांत्रिक कागद आणि मोजमाप पुस्तिका बऱ्याचदा पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागात असतात. शिवाय रस्ता मुळात ग्रामपंचायतीचा नसून जिल्हा परिषदेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा किंवा ग्रामसडक योजनेचा असू शकतो. कामाच्या जागी लावलेला फलक आधी वाचा, त्यावर योजना आणि यंत्रणेचे नाव असते. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी तो फेटाळता येत नाही. कलम ६(३) प्रमाणे ५ दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करून तुम्हाला तसे कळवावे लागते.

प्रश्न : अर्ज नेमका कसा द्यायचा? ग्रामसेवक कार्यालयात सापडतच नाहीत, शिपाई पोच देत नाही. (एक वाचक, परतूर)

उत्तर : अर्ज जोडपत्र ‘अ’च्या नमुन्यात करा आणि त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. रोख, धनाकर्षही (डिमांड ड्राफ्ट) चालतो. पोस्टल ऑर्डर मात्र राज्याच्या नियमांत नाही. ती केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी असते, त्यामुळे ती जोडलेले अर्ज परत येतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. माहिती कशासाठी हवी हे लिहू नका. कोणी विचारलेच तर कलम ६(२) दाखवा.

जानेवारी २०१२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे. रस्ता, पाणीपट्टी आणि पथदिवे एकाच अर्जात कोंबले, तर पहिल्या विषयापुरते उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगतात, आणि तसे सांगण्याचा त्यांना अधिकार आहे. तीन विषय, तीन अर्ज, तीस रुपये.

पोच मिळत नसेल तर वाद घालत बसू नका, अर्ज टपालाने पाठवा. नोंदणीकृत टपाल १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, म्हणून स्पीड पोस्टच करा. पाकिटावर ‘जन माहिती अधिकारी, ग्रामपंचायत कार्यालय’ असे पदनाम लिहा, व्यक्तीचे नाव नको. बदली झाली की पाकीट फिरत राहते. (ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही पदे २०२४ मध्ये एकत्र होऊन ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे पदनाम झाले आहे. जुने पदनाम लिहिले म्हणून अर्ज बाद होत नाही.) वितरणाचा तपशील टपाल खात्याच्या संकेतस्थळावरून लगेच छापून ठेवा. अपिलात तीच तुमची पोच.

प्रश्न : नगरपरिषदेकडे मागच्या तीन वर्षांतल्या सर्व कामांची बिले मागितली. ३८ व्या दिवशी पत्र आले : ९२० पानांचे १,८४० रुपये भरा. भरावे का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : भरू नका. प्रत पानाला २ रुपये हा दर बरोबर आहे, पण पत्र उशिरा आले आहे. अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर किंवा शुल्काचे पत्र आले नाही, तर कलम ७(६) प्रमाणे माहिती मोफत द्यावी लागते. तसे लेखी कळवा आणि सोबत पहिले अपील, म्हणजे माहिती अधिकाऱ्याच्या वरिष्ठाकडे करायचे अपील, टाका. पत्र मुदतीत आले असते तर चित्र वेगळे होते. पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० मध्ये धरत नाहीत, म्हणून तेव्हा भरायला उशीर केला तर नुकसान तुमचेच. शुल्काच्या पत्रात रकमेचा हिशेब आणि अपील अधिकाऱ्याचा तपशील असलाच पाहिजे.

पण मुळात ९२० पाने कशाला मागायची? ‘सर्व’ हा शब्द अर्जदाराचा शत्रू आहे. पाने वाढली की कार्यालय कलम ७(९) पुढे करून ‘साधनसामग्री वळवावी लागेल’ म्हणते आणि तुम्हीही कागदांच्या ढिगात हरवता. आधी फाइली पाहायला मागा. पहिला तास मोफत असतो, पुढच्या वेळेला किरकोळ शुल्क पडते. शिवाय २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत, तसेच स्थानिक स्वराज्य संस्थांत, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याच्या कितीतरी आधीपासून होती.

पाहायला जाताना पेन्सिल न्या. नियमानुसार पेन आत नेता येत नाही, तो अधिकाऱ्याकडे ठेवावा लागतो, म्हणजे मूळ कागदावर कोणी खाडाखोड करू नये. नियम चांगलाच आहे, पण पेन्सिल नाही म्हणून माणसे रिकाम्या हाताने परत येतात. फाइलीतल्या टिपणीच्या बाजूला पृष्ठ क्रमांक असतात. हवी ती पाने त्या क्रमांकांनिशी टिपून तेवढ्याच प्रती मागा. ९२० पानांतली कामाची चाळीसही निघत नाहीत. क्रमांक मधूनच तुटलेले दिसले तर तेही टिपून ठेवा.

प्रश्न : घरपट्टीवाढीच्या ठरावाची प्रत मागितली. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ एवढ्या एका ओळीत बोळवण केली. पुढे काय? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : ‘उपलब्ध नाही’ हे कलम ८ मधले नकाराचे कारण नाही. कागद एक तर आहे, किंवा रीतसर नष्ट केला आहे, किंवा गहाळ आहे. पहिल्या अपिलात हे तीनच पर्याय मांडा. नष्ट केला असेल तर नाशनाचा आदेश आणि यादी द्या, गहाळ असेल तर शोध घेऊन जबाबदारी निश्चित करा, अशी मागणी करा. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ प्रमाणे रीत सोडून अभिलेख नष्ट करणे हा ५ वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. अपिलात या कायद्याचा नुसता उल्लेख केला तरी पुष्कळ कागद कपाटातून बाहेर येतात. दिल्ली उच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये म्हटले आहे की एकेकाळी असलेला अभिलेख सापडत नसेल, तर कसून शोध आणि चौकशी व्हायला हवी.

ठराव दुसऱ्या वाटेनेही मिळू शकतो. सभेचे इतिवृत्त, विषयपत्रिका किंवा वरच्या कार्यालयाला पाठवलेली प्रत मागा. गावात कराची नोंद नमुना ८ मध्ये (कर आकारणी) आणि नमुना ९ मध्ये (मागणी) असते, पैशाची रोकड वहीत म्हणजे नमुना ५ मध्ये. अर्जात नोंदवहीचा नमुना क्रमांक लिहिला की ‘कोणती माहिती हवी ते स्पष्ट नाही’ हे उत्तर देता येत नाही.

प्रश्न : घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारली. कायदा बदलला असे सांगतात. (एक वाचक, गेवराई)

उत्तर : कायदा बदलला हे खरे. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे वैयक्तिक माहिती नाकारण्याचे कलम ८(१)(ञ), बोलण्यातले ‘आठ एक जे’, आखूड झाले आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते नव्या रूपात लागू आहे. त्यातली ‘जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही’ ही तरतूद गेली. आमच्या मते कायद्याचे हे मोठे नुकसान आहे आणि स्थानिक कार्यालये त्याचा फायदा घेणारच.

तरीही तुमची बाजू पक्की आहे. कलम ४(१)(ख), म्हणजे ज्याला सगळे ‘१७ मुद्दे’ म्हणतात ते, शाबूत आहे. अनुदानाच्या योजनांचे लाभार्थी आणि रकमा कार्यालयाने कोणी न मागता प्रसिद्ध करायच्या आहेत, हा त्यातलाच मुद्दा. अपिलात तो लिहा, आणि सोबत कलम ८(२) : जनहित मोठे असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. आधार क्रमांक, बँक खाते, दूरध्वनी मागू नका. नाव, मंजुरीचे वर्ष, हप्त्यांच्या रकमा आणि तारखा एवढेच मागा. कर्मचाऱ्याची मालमत्ता किंवा त्याला दिलेल्या नोटिसा मात्र मिळणे आधीपासूनच अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात त्या वैयक्तिक ठरवल्या आहेत.

प्रश्न : दुबईत नोकरी करतो. गावातल्या घराचा नमुना ८ चा उतारा माहिती अधिकारात मागता येईल का?

उत्तर : पारपत्र भारतीय असेल तर येईल. पण उताऱ्यासाठी हा रस्ता लांबचा आहे. तो लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालच्या अधिसूचित सेवांत आहे, आणि त्याची मुदत माहिती अधिकारातल्या ३० दिवसांपेक्षा बरीच कमी आहे. नोंदीत फेरफार झाल्याचा संशय असेल, तर मात्र माहिती अधिकारात फेरफाराचा ठराव आणि मूळ अर्ज मागा.

प्रश्न : पहिल्या अपिलात ‘१५ दिवसांत माहिती द्या’ असा आदेश झाला. दोन महिने झाले, काही नाही. राज्य माहिती आयोगाकडे तक्रार करू का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तक्रार नको, दुसरे अपील करा. कलम १८ च्या तक्रारीवर आयोग दंड करू शकतो, माहिती देण्याचा आदेश देऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात ठरवले. माहिती हवी असेल तर कलम १९(३) खाली दुसरे अपीलच करावे लागते. त्यात दंडही मागता येतो : दिवसाला २५० रुपये, कमाल २५,०००, तोही अधिकाऱ्याच्या खिशातून.

मुदत ९० दिवसांची आहे. ती पहिल्या अपिलाचा निर्णय व्हायला हवा होता त्या दिवसापासून, किंवा निर्णय हाती आल्यापासून धरतात. तुमचे दोन महिने गेले आहेत, म्हणजे जेमतेम तीस दिवस उरले. अर्ज जोडपत्र ‘क’ मध्ये, २० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह करा. (पहिल्या अपिलाला जोडपत्र ‘ब’ आणि तेवढाच स्टॅम्प लागतो.) नाशिक जिल्ह्यासाठी राज्य माहिती आयोगाचे नाशिक खंडपीठ आहे, मुंबईला पाठवू नका. मूळ अर्ज, पोच, पहिले अपील आणि आदेश यांच्या प्रती तारखेच्या क्रमाने लावा आणि वर एका पानावर तारखांचा तक्ता द्या. सुनावणीला बराच काळ लागतो आणि ती काही मिनिटांतच आटोपते, तेव्हा आयुक्त बहुधा तेवढा तक्ताच बघतात. दरम्यान कार्यालयाने माहिती दिली, तर पाने मोजून ‘अमुक पाने मिळाली, तमुक मिळाली नाहीत’ असे लिहूनच सही करा. ‘माहिती मिळाली, समाधान झाले’ असा छापील मजकूर पुढे केला, तर तो खोडा.