पंचविशीनंतर सुरुवात करून नाव कमावता येतं का : ग्रीक-लॅटिन, फुटबॉल आणि महिलांचं रोड सायकलिंग

तुम्ही विचारलंय की ग्रीक-लॅटिनचा अभ्यास, फुटबॉल आणि महिलांचं रोड सायकलिंग या तिन्हींत ज्यांचं नाव झालं ते सगळे लहानपणापासूनच त्यात होते का, आणि दुसरी नोकरी करता करता कुणी उशिरा वर आलंय का. आलेत, आणि अगदी टोकाला पोचलेत. पण माझं स्पष्ट मत असं आहे की जिथे काम एकट्याने करता येतं आणि झालेलं काम कुणालाही तपासून बघता येतं तिथेच उशीर खपतो. जिथे दुसऱ्याने आधी आत घ्यावं लागतं तिथे फार अवघड जातं.

ग्रीक-लॅटिनमध्ये ए. ई. हाउसमन या इंग्रज कवी-अभ्यासकाचं उदाहरण सगळे देतात ते बरोबरच आहे. १८८१ मध्ये ऑक्सफर्डच्या शेवटच्या परीक्षेत नापास झाला, मग लंडनच्या पेटंट ऑफिसात दहा वर्षं कारकुनी, संध्याकाळी ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून लॅटिन-ग्रीक कवींचा मूळ मजकूर नेमका काय असावा यावर लेख लिहायचे, आणि त्या लेखांच्या जोरावर १८९२ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनला थेट लॅटिनचा प्रोफेसर. अर्जात नापास झाल्याचं त्याने स्वतःच लिहिलं होतं. तरी घेतलं, कारण लेख समोर होते.

पण मला विचाराल तर त्याच्याहून जास्त ॲलिस कोबरकडे बघा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजमध्ये पूर्णवेळ शिकवायची, वर्गांचं ओझं भरपूर, आणि उरलेल्या वेळात लिनिअर बी, म्हणजे क्रीट या ग्रीक बेटावरच्या मातीच्या पाट्यांवरची ती लिपी जी तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागद मिळेना तर चर्चची पत्रकं, शुभेच्छापत्रांच्या पाठी, जे हाताला लागेल ते कापून तिने कार्डं केली, साधारण १,८०,००० कार्डं, आणि ती सिगारेटच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवली. कुठलं चिन्ह कुठल्या चिन्हाशेजारी येतं, शब्दाच्या सुरुवातीला येतं की शेवटी, सगळं त्यात. त्यातून तिला दिसलं की काही शब्दांचं मूळ तेच राहतं आणि शेवट बदलतो, म्हणजे या भाषेत विभक्तीसारखं काहीतरी आहे. भाषा कुठली, चिन्हांचे उच्चार काय, याचा अंदाजसुद्धा बांधायला ती तयार नव्हती, आधी पुरावा म्हणायची, आणि बाकीचे लोक तेव्हा नेमकं उलटं करत होते. १९५० मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी ती गेली. दोन वर्षांनी मायकल व्हेंट्रिसने ती लिपी सोडवली, भाषा निघाली ग्रीक. तो तर पेशाने आर्किटेक्ट होता. त्याचं श्रेय अजिबात कमी करायचं नाहीये पण तिने घालून दिलेल्या पद्धतीवर तो उभा होता, आणि तिचं नाव आजही मागून घेतलं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता सायकलिंग. इथे नेदरलँड्सच्या मारियाने व्होससारखीही माणसं आहेत, २००६ मध्ये एकोणिसाव्या वर्षी रोडची विश्वविजेती, मग २००७ ते २०११ सलग पाच वर्षं त्याच शर्यतीत दुसरी, आणि २०१२ ला लंडन ऑलिंपिकचं सुवर्ण. पण तिच्याच देशाची आनेमिक फान फ्लॉयटन बघा. ती आधी फुटबॉल खेळायची, गुडघा दुखावला म्हणून सायकलकडे वळली, तोवर विशीची बरीच वर्षं गेलेली, मधे एपिडेमिऑलॉजीत, म्हणजे रोगप्रसाराच्या शास्त्रात, मास्टर्सही केलं. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्णाच्या वाटेवर असताना उतारावर भयानक पडली, मणक्याला फ्रॅक्चर. आणि २०२२ मध्ये, चाळिशीला टेकलेली असताना, इटली, फ्रान्स आणि स्पेन तिन्ही मोठ्या टूर, म्हणजे अनेक दिवस चालणाऱ्या शर्यती, जिंकून वर कोपर मोडलेलं असताना वर्ल्ड चॅम्पियनशिप.

आणि टोकियो ऑलिंपिक. २५ जुलै २०२१ ची १३७ किलोमीटरची ती रोड रेस मिळाली तर पूर्ण बघा, नुसते हायलाइट्स नको. ऑस्ट्रियाची अ‍ॅना कीझेनहोफर, गणितात पीएचडी, स्वित्झर्लंडमधल्या लोझानला संशोधन आणि शिकवणं चालू, कुठल्याही प्रोफेशनल टीमचा करार नाही, ट्रेनिंगचं प्लॅनिंग स्वतःचं स्वतः. झेंडा पडल्या पडल्या एकदम जोर लावून पुढे निघाली, बरोबर चौघीजणी आल्या, मागच्या घोळक्याने सोडून दिलं कारण असे सुरुवातीचे ब्रेकअवे, म्हणजे घोळक्यातून सुटून पुढे गेलेले, नंतर पकडले जातात असा सगळ्यांचा हिशोब. आघाडी दहा मिनिटांच्या पुढे गेली. साधारण ४० किलोमीटर राहिले असताना तिने उरलेल्या दोघींनाही मागे टाकलं आणि एकटी निघाली. ऑलिंपिकमध्ये कानात रेडिओ नसतो, त्यामुळे पुढे अजून एकजण आहे हे फान फ्लॉयटनला कळलंच नाही, सव्वा मिनिट मागून येऊन तिने जिंकल्यासारखे हात वर केले. लोक याला नशीब म्हणतात, मला ते पटत नाही. इतका वेळ वाऱ्यात एकटीने तो वेग धरून ठेवायचा तर आपला दम कुठपर्यंत पुरेल ते आधी नीट माहीत लागतं, आणि टाइम ट्रायल, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत, हाच तर तिचा प्रांत होता.

फुटबॉलमध्ये मात्र हे एकट्याचं गणित चालत नाही. इंग्लंडचा जेमी वार्डी आहे, सोळाव्या वर्षी क्लबने सोडून दिलेला, मेडिकल स्प्लिंट बनवायच्या फॅक्टरीत काम करत खालच्या लीगमध्ये खेळायचा, २०१२ ला लेस्टर सिटी क्लबने घेतला तेव्हा पंचवीस वर्षांचा, २०१६ ला प्रीमियर लीग विजेता. पण नीट बघा, तो खेळायचा थांबलाच नव्हता, दर आठवड्याला कुठेतरी मैदानात होताच. ब्राझीलचा फुटबॉलपटू सॉक्रेटिस डॉक्टरकी शिकत शिकत खेळत राहिला आणि पुढे देशाचा कॅप्टन झाला, त्याचंही तेच. आणि दार बंद केलं तर काय होतं ते इंग्लंडची फुटबॉलपटू लिली पार बघून कळतं : ती ज्या टीममधून खेळायची त्या डिक केर या कारखान्याच्या बायकांच्या टीमची मॅच बघायला २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ५३,००० लोक होते, आणि पुढच्याच वर्षी इंग्लिश एफएने, म्हणजे तिथल्या फुटबॉल असोसिएशनने, आपल्या क्लबांची मैदानं बायकांना बंद केली, ती बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. पार नर्सची नोकरी करत १९५१ पर्यंत खेळली. तिच्यात काहीच कमी नव्हतं, मैदानच दिलं नाही.

म्हणून पंचविशीनंतर फुटबॉलमध्ये नव्याने शिरायचं असेल तर मी खेळाडू म्हणून नको म्हणेन. सायकलिंग करायचं तर टाइम ट्रायलपासून सुरू करा, तिथे टीम लागत नाही आणि घड्याळ ओळख बघत नाही. ग्रीक-लॅटिन करायचं तर भाषा पक्की झाल्यावर एकच छोटा प्रश्न धरा आणि त्यावर छापण्यासारखं काहीतरी लिहा. नोकरी मात्र आत्ता सोडू नका. हाउसमनने प्रोफेसरकी हातात आल्यावर पेटंट ऑफिस सोडलं, कीझेनहोफर सुवर्णपदक घेतलं त्या दिवशीही विद्यापीठात नोकरीलाच होती.