वाचकांचे प्रश्न: रस्त्याच्या खर्चातला आपला वाटा

प्रश्न: आमच्या घरालगतचा रस्ता नव्याने बांधला जात असून त्याच्या खर्चाचा काही भाग शहर प्रशासनाने दोन्ही बाजूंच्या मालमत्ताधारकांवर बसवला आहे. आमचे आणि शेजाऱ्यांचे घर सारख्याच आकाराचे आहे, मालमत्ता करही जवळजवळ तेवढाच आहे. मात्र आम्हाला त्यांच्या अडीचपटीहून अधिक रक्कम भरावी लागणार आहे. आमचा भूखंड कोपऱ्यावरचा आहे, एवढाच काय तो फरक. ही आकारणी नेमकी कशी करतात?

उत्तर: मालमत्ता कर सारखा असल्याचा मुद्दा येथे फारसा उपयोगी पडणार नाही. तो कर मालमत्तेच्या मूल्यावर बसतो आणि शहराच्या सर्वसाधारण खर्चासाठी वापरला जातो. आपल्यावर बसवलेली रक्कम म्हणजे सुधारणा आकार; तो मात्र एका ठरावीक कामासाठी, त्या कामाचा विशेष लाभ ज्या जमिनींना होतो त्यांच्यापुरताच असतो. ही पद्धत अमेरिकेतील शहरांत सर्वाधिक रुळलेली असल्यामुळे पुढील दाखले मुख्यतः तिथलेच आहेत. कोलंबियातही १९२१ च्या कायद्यापासून असाच आकार घेतला जातो.

हिशेबाची पहिली पायरी म्हणजे एकूण खर्चातला वसुलीयोग्य भाग ठरवणे. चौकाचा भाग कोणाच्याच भूखंडासमोर येत नाही, म्हणून त्याचा खर्च बहुधा शहर सोसते. जड वाहतुकीसाठी रस्ता नेहमीपेक्षा रुंद किंवा जाड करावा लागला, तर तो वाढीव खर्चही रहिवाशांवर टाकणे योग्य मानले जात नाही. समजा, एकूण खर्च ९,००,००० आहे आणि त्यातले ३,००,००० शहर उचलते. उरलेले ६,००,००० मालमत्ताधारकांत वाटायचे आहेत.

वाटपासाठी सर्वांत जुने आणि अजूनही प्रचलित माप म्हणजे भूखंडाची रस्त्याला लागून असलेली लांबी. रस्ता ३०० मीटरचा असेल तर दोन्ही बाजू मिळून ६०० मीटर होतात, म्हणजे दर मीटरला १,०००. शेजाऱ्यांच्या भूखंडाची १५ मीटरची बाजू रस्त्याला लागते, त्यांचा वाटा १५,०००. आपल्या भूखंडाची ४० मीटरची लांब बाजूच या रस्त्याकडे असेल, तर आपला वाटा ४०,००० होतो. घर केवढे आहे, याचा या हिशेबात कुठेच संबंध येत नाही. आपल्या बाबतीत असेच झाले असावे, असा माझा अंदाज आहे.

याचा अन्याय शहरांच्या लक्षात आलेला नाही असे नाही. कोपऱ्यावरच्या मालकाला दोन्ही रस्त्यांच्या कामांत वाटा द्यावा लागतो, आणि लांब बाजूने त्याच्या घराचे दारही बहुतेक वेळा नसते. म्हणून अनेक शहरे लांब बाजूचा काही भाग आकारणीतून वगळतात. वरच्या उदाहरणात निम्मी बाजू, म्हणजे २० मीटर, वगळली आणि ती रक्कम शहराने स्वतः सोसली, तर आपला वाटा २०,००० वर येतो. शहराने ती सोसली नाही, तर तेच ६,००,००० आता ५८० मीटरांवर वाटावे लागतात, दर सुमारे १,०३४ होतो आणि शेजाऱ्यांचा आकडा १५,५०० च्या वर जातो. एकाला दिलेली सूट कोणाच्या खिशातून जाते, हे नोटिशीत क्वचितच लिहिलेले असते. ते विचारून घ्यावे. बंद गल्लीच्या टोकाशी असणाऱ्या, पुढे अरुंद आणि मागे रुंद अशा भूखंडांसाठी पुढच्या व मागच्या रुंदीची सरासरी धरण्याचीही रीत आहे.

कामानुसार माप बदलते. मलवाहिनीच्या किंवा पाण्याच्या जोडणीसाठी घरटी समान आकार अधिक न्याय्य ठरतो. पावसाळी गटारासाठी भूखंडाचे क्षेत्रफळ, त्यातही पाणी न मुरणारे छप्पर आणि फरसबंदी किती आहे हे पाहणे सयुक्तिक असते.

या सगळ्यावर एक मर्यादा आहे, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते: आकार जमिनीला झालेल्या विशेष लाभापेक्षा फार अधिक असता कामा नये. १८९८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे नॉरवुड विरुद्ध बेकर हा खटला आला, तेव्हा नॉरवुड या गावाने बेकर नावाच्या महिलेच्या जमिनीतून रस्ता काढून, तिलाच दिलेल्या भरपाईसह सारा खर्च तिच्याच उरलेल्या जमिनीवर बसवला होता. लाभापेक्षा बराच अधिक आकार म्हणजे, त्या अधिक रकमेपुरते, विनामोबदला मालमत्ता हिरावणेच होय, असे न्यायालयाने ठरवले. मिनेसोटा राज्यात आजही हा लाभ मुख्यतः बाजारभावाच्या फरकावरून मोजतात: कामापूर्वी मालमत्तेची किंमत किती होती आणि कामानंतर किती झाली. तेव्हा ‘शेजाऱ्यापेक्षा जास्त’ या तक्रारीपेक्षा ‘झालेल्या लाभापेक्षा जास्त’ ही हरकत, मूल्यांकनतज्ज्ञाचा अहवाल सोबत असेल तर, अधिक टिकते.

प्रश्न: हरकत कधी घ्यावी, आणि रक्कम एकदम भरावी लागते का?

उत्तर: मुदती आणि सवलती प्रत्येक ठिकाणी वेगळ्या असल्याने आपल्या नोटिशीतील तारखा आधी पाहाव्यात. मिनेसोटात सहीची लेखी हरकत सुनावणीपूर्वी किंवा सुनावणीत द्यावी लागते आणि आकारणी मंजूर झाल्यावर अपिलासाठी ३० दिवस मिळतात. नुसते तोंडी बोलून उठून आल्यास अपिलाचा हक्क सहसा राहत नाही. कॅलिफोर्नियात १९९६ च्या घटनादुरुस्तीनंतर मालकांना मतपत्रिका पाठवल्या जातात, ज्याचा आकार मोठा त्याच्या मताचे वजन मोठे असते, आणि विरोधाचे वजन अधिक भरल्यास आकारणी रद्द होते.

रक्कम बहुधा व्याजासह काही वर्षांच्या हप्त्यांत, मालमत्ता कराच्या बिलातूनच वसूल होते. न भरलेल्या रकमेचा बोजा व्यक्तीवर नव्हे तर जमिनीवर राहतो, त्यामुळे घर विकत घेणाऱ्याने तो तपासूनच व्यवहार करावा. मिनेसोटात ६५ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या मालकांना, भरणा परिस्थितीमुळे जड जात असल्यास, तो पुढे ढकलण्याची मुभा शहर देऊ शकते. त्यासाठी मात्र मालकाला स्वतः अर्ज करावा लागतो.